परदेशी फोन नंबरांची यादी एका साच्यात कशी आणावी?

प्रश्न थोडक्यात असा: मंडळाच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. काही सभासद पुण्या-नागपुरात, काही गोव्यात, बरेचसे अमेरिका, ब्रिटन, दुबई, सिंगापूर आणि मॉरिशसला. प्रत्येकानं नंबर आपल्या सवयीनं लिहिला आहे. कुणी सुरुवातीला ० लावलं आहे, कुणी ००९१, कुणी कंसात शून्य, कुणी नुसते दहा अंक. त्यातले बरेच लागत नाहीत. सगळे नंबर एका साच्यात कसे आणायचे आणि छापताना कसे लिहायचे?

सुरुवात एका फरकापासून करायला हवी, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच निघतो. साठवायचा नंबर वेगळा आणि दाखवायचा नंबर वेगळा. साठवताना एकच रूप हवं: आधी अधिक चिन्ह, मग देशाचा कोड, मग त्या देशातला पूर्ण नंबर. मध्ये जागा नाही, रेघ नाही, कंस नाही. दाखवताना मात्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांना आणि जिभेला सोपे जातील असे तुकडे पाडायचे. ही दोन्ही कामं एकाच रकान्यात उरकायला गेलं की यादी बिघडते.

साठवण्याच्या या रूपाला ई.१६४ म्हणतात, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं ठरवलेलं ते मानक आहे. देशाचा कोड १ ते ३ अंकी, आणि कोड धरून सगळे मिळून जास्तीत जास्त १५ अंक. अधिक चिन्ह या पंधरात मोजत नाहीत, म्हणून रकान्याला १६ अक्षरांची जागा पुरते. कोड आणि पुढचा नंबर यांच्यात जागा सोडली नाही तरी यंत्राचा गोंधळ होत नाही, कारण कोणत्याही देशाचा कोड दुसऱ्या देशाच्या कोडची सुरुवात नसतो. +९१ भारताला दिल्यावर +९१० ते +९१९ यांपैकी एकही कोड कुणाला देता येत नाही. उलट +९७ हा कुणाचाच कोड नाही, म्हणून तिथे +९७१ संयुक्त अरब अमिरात, +९७२ इस्रायल, +९७४ कतार, +९७७ नेपाळ असे तीन अंकी कोड बसले आहेत.

पुढच्या उदाहरणांत ठिपके म्हणजे झाकलेले अंक. जे नमुने पूर्ण दिले आहेत ते ब्रिटन आणि अमेरिकेत नाटक-सिनेमांसाठी राखून ठेवलेल्या नंबरांपैकी आहेत: लंडनमध्ये ०२० ७९४६ ०००० ते ०९९९, अमेरिकेत एरिया कोडनंतर ५५५-०१०० ते ५५५-०१९९. तुम्हीही चाचणीसाठी असेच नंबर वापरा. मनानं रचलेला दहा अंकी नंबर बहुधा कुणाचा तरी असतो आणि तुमचे चाचणीचे मेसेज त्या माणसाकडे जात राहतात. इथे अंक देवनागरीत छापले आहेत, पण फाइलमध्ये इंग्रजीच अंक हवेत. त्याचं कारण पुढे येईल.

अधिक चिन्ह आणि नको असलेलं शून्य

अधिक चिन्हाचा अर्थ 'इथे आपल्या देशाबाहेर पडण्याचा कोड लावा' एवढाच आहे. भारतातून बाहेर फोन करताना तो कोड ०० असतो. युरोपात बहुतेक ठिकाणी आणि आखातातही ००. पण अमेरिका आणि कॅनडातून ०११, ऑस्ट्रेलियातून ००११, जपानमधून ०१०. म्हणून पत्रिकेवर '००९१' छापलं की ते न्यू जर्सीतल्या सभासदाला निरुपयोगी ठरतं: त्यानं जसंच्या तसं फिरवलं तर फोन लागत नाही. '+९१' छापलं तर त्याचा मोबाइल योग्य तो कोड आपोआप लावतो. मोबाइलवर ० दाबून धरलं की अधिक येतं. आणि +९१ लावून सेव्ह केलेला नंबर भारतात असतानाही मोबाइलवरून लागतोच, त्यामुळे 'देशातला' आणि 'परदेशातला' अशा दोन नोंदी ठेवायची गरज नाही.

आता शून्य. पुण्याचा एसटीडी कोड ०२० म्हणायची सवय आपल्याला आहे, पण खरा कोड २० आहे. पुढचं ० म्हणजे देशांतर्गत लांबचा फोन आहे अशी एक्स्चेंजला दिलेली खूण. बाहेरून येणाऱ्या फोनला ती खूण लागत नाही, म्हणून देशाचा कोड लावला की ते शून्य गळतं: ०२० २••• •••• चं +९१ २० २••• •••• होतं. ब्रिटनमध्ये तेच, ०२० ७९४६ ०९५८ चं +४४ २० ७९४६ ०९५८. अमिरातीत ०५० ने सुरू होणारा मोबाइल +९७१ ५० ••• •••• होतो. ऑस्ट्रेलियातला ०४•• चा मोबाइल +६१ ४•• ••• ••• होतो.

सगळ्यात जास्त त्रास देणारी लिखाणाची तऱ्हा म्हणजे +४४ (०)२० ७९४६ ०९५८. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं 'देशात असाल तर शून्य लावा, बाहेर असाल तर गाळा'. वाचणाऱ्याला ते कळेलच असं नाही. फोनला तर मुळीच कळत नाही: तो कंस टाकून देतो, शून्य ठेवतो आणि +४४०२०… फिरवतो. नंबर लिहिण्याच्या पद्धतीचं जे वेगळं मानक आहे, ई.१२३, ते आंतरराष्ट्रीय रूपात असा कंस वापरू नका असंच सांगतं. लँडलाइन वापरणारे ज्येष्ठ सभासद यादीत असतील तर दोन ओळी द्या: एक +९१ २० २••• ••••, खाली दुसरी ०२० २••• ••••. दोन्ही रूपं एकमेकांत कोंबू नका.

'देशकोड लावला की शून्य गाळा' हा नियम जवळजवळ सगळीकडे चालतो, पण इटलीत नाही. तिथे १९९८ पासून शून्य हा नंबरचाच भाग आहे. रोमची लँडलाइन +३९ ०६… अशीच लिहायची. शून्य काढलं की नंबर मोडतो. इटलीचे मोबाइल ३ ने सुरू होतात, त्यांना शून्य मुळातच नसतं. आयव्हरी कोस्टनं ३१ जानेवारी २०२१ रोजी आठ अंकांवरून दहा अंकांवर जाताना सुरुवातीचं शून्य नंबरातच धरलं, त्यामुळे तिथला मोबाइल +२२५ ०७ •• •• •• •• असाही दिसतो. म्हणून डोळे मिटून सगळी शून्यं उडवणारं सूत्र एक्सेलमध्ये कधीही लावू नका. दुसऱ्या टोकाला रशिया: तिथे देशांतर्गत खूण ० नसून ८ आहे. ८ ने सुरू होणारा अकरा अंकी रशियन नंबर दिसला तर ते ८ काढून +७ लावायचं. हंगेरीत हीच खूण ०६ अशी दोन अंकी आहे. सिंगापूर, कतार, ओमान, कुवेत, बहरीन या देशांत अशी खूणच नाही. तिथले आठ अंक जसेच्या तसे देशकोडपुढे येतात.

भारतातले नंबर

मोबाइल असो वा लँडलाइन, +९१ नंतर दहा अंक. मोबाइल ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. लँडलाइनमध्ये एसटीडी कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहा भरतात: मुंबई २२ आणि पुणे २० यांच्यापुढे आठ अंक, नागपूर ७१२, नाशिक २५३, कोल्हापूर २३१ आणि गोवा ८३२ यांच्यापुढे सात, सातारा २१६२ किंवा रत्नागिरी २३५२ यांच्यापुढे सहा. बेरीज दहा भरली नाही तर कुठे तरी अंक सुटला आहे, किंवा सभासदानं एसटीडी कोड लिहिलाच नाही. गोव्याची लँडलाइन नुसती सात अंकी दिसली तर पुढे ८३२ लावता येतं, पण सभासदाचा पत्ता गोव्याचाच आहे हे आधी पाहा.

मोबाइलपुढे ० लावलेल्या नोंदी आपल्याकडे खूप सापडतात. पूर्वी दुसऱ्या सर्कलमधल्या (दूरसंचार विभागातल्या) मोबाइलला फोन करताना शून्य लावावं लागे, आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला शून्य लावूनच फोन करायचा आहे. त्यामुळे लोक ते नंबरचाच भाग समजतात. साठवताना ते काढायचं.

भारतीय नंबरांना लांबी पाहून साच्यात आणायची रीत अशी. १० अंक आणि सुरुवात ६ ते ९: मोबाइल किंवा लँडलाइन, पुढे +९१ लावा. ११ अंक आणि पहिला ०: शून्य काढून +९१. १२ अंक आणि सुरुवात ९१: पुढे फक्त अधिक लावा. १३ अंक आणि सुरुवात ०९१ किंवा ९१०: मधलं वा पुढचं शून्य काढा. १४ अंक आणि सुरुवात ००९१: दोन शून्यांच्या जागी अधिक. १० अंक पण सुरुवात १ ते ५: लँडलाइन, एसटीडी कोड तपासा. इथे लांबी मोजल्याशिवाय '९१ दिसलं की काढून टाक' असं करू नका. ९१ ने सुरू होणारे दहा अंकी मोबाइल भारतात भरपूर आहेत. त्यांचे पहिले दोन अंक उडाले की आठच उरतात आणि नंबर कायमचा हरवतो.

१८०० चे टोल-फ्री नंबर यात बसवू नका. ते देशातून तसेच फिरवायचे असतात, परदेशातून बहुधा लागत नाहीत. परदेशी सभासदांसाठी संस्थेची साधी लँडलाइन किंवा मोबाइल द्या. ११२ सारख्या लघु क्रमांकांना देशकोड लागत नाही. ते ज्या देशात फिरवाल त्या देशाचेच असतात.

दहा अंकी नंबर नेमका कोणत्या देशाचा?

यादीतला सगळ्यात अवघड भाग हा आहे, आणि इथे घाई केली की नंबर चुकीच्या माणसाला लागतो. अमेरिकेचे नंबरही दहा अंकीच असतात. न्यू जर्सीच्या मध्य भागाचा, म्हणजे एडिसनकडचा, एरिया कोड ७३२ आहे. कुणी ७३२ ५५५ ०१४२ एवढंच लिहिलं तर भारतीय नियमानं तो ७ ने सुरू होणारा दहा अंकी मोबाइल ठरतो आणि +९१ ७३२५५ ५०१४२ असा अगदी खरा वाटणारा नंबर तयार होतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेकडचा एरिया कोड ९१९. तिथला ९१९ ५५५ ०१२३ पाहून कुणी तरी 'हा तर ९१ ने सुरू होतो' म्हणून पुढे नुसतं अधिक लावतो. मग +९१ पुढे आठच अंक उरतात. नेपाळचे मोबाइलही दहा अंकी आणि ९७ किंवा ९८ ने सुरू होणारे. एसटीडी कोड न लिहिलेल्या पुण्या-मुंबईच्या लँडलाइनची आणि सिंगापूर किंवा ओमानच्या नंबराची लांबी सारखीच, आठ.

एक खूण उपयोगी पडते. अमेरिका-कॅनडाच्या पद्धतीत पहिला आणि चौथा अंक ० किंवा १ कधीच नसतो. म्हणजे दहा अंकी नंबराचा चौथा अंक ० किंवा १ असेल तर तो अमेरिकेचा नाही, हे नक्की. उलट बाजूनं मात्र काही सिद्ध होत नाही. चौथा अंक २ ते ९ असला तर तो दोन्हीपैकी कुठलाही असू शकतो.

तेव्हा देश अंकांवरून ओळखायचा नाही. तो रकाना वेगळा हवा. आणि रकान्याचं नाव 'राहण्याचा देश' नको, 'नंबर कोणत्या देशाचा' असं हवं. दुबईत राहणारे कितीतरी सभासद व्हॉट्सॲपसाठी भारतातला जुनाच नंबर चालू ठेवतात. नागपूरला सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांच्या खिशात अमेरिकेचं सिम असतं. पत्त्यावरून देश लावला की अशा सगळ्यांचे नंबर बिघडतात.

देश वेगळा ठेवायला आणखी एक कारण आहे. कोडवरून दरवेळी एकच देश कळत नाही. +१ मध्ये अमेरिकेसोबत कॅनडा, जमैका, त्रिनिदाद, बहामा हे सगळे येतात. +७ रशिया आणि कझाकस्तान दोघांचा. +४४ मध्ये ब्रिटनबरोबर जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन बेटं. '+१ म्हणजे अमेरिका' धरून मेसेजचा खर्च काढला तर कॅरिबियन बेटांवरच्या नंबरांचा हिशेब चुकतो, कारण तिथला दर वेगळा असतो.

एक्सेल काय करतं

नंबर साठवायला एक्सेल हे मुळातच धोक्याचं साधन आहे, कारण अंक दिसले की ते त्यांना संख्या समजतं. यातून चार प्रकारचं नुकसान होतं.

पहिलं, सुरुवातीचं शून्य जातं. ०२०७९४६०९५८ टाइप केलं की २०७९४६०९५८ उरतं.

दुसरं, ११ पेक्षा जास्त अंक असले की साध्या रकान्यात घातांकाचं रूप दिसतं. ४४२०७९४६०९५८ हे बारा अंक ४.४२०७९ई+११ असे दिसतात. तोवर खरे अंक आत शाबूत असतात. पण त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं, आणि पुन्हा उघडल्यावर हाती ४४२०७९०००००० येतं. शेवटचे सहा अंक गेले ते गेले. भारताचे ९१ धरून नंबर नेमके बारा अंकी असल्यामुळे आपल्या याद्यांना हा फटका हमखास बसतो. यादीत खूप नंबर शून्यांच्या रांगेनं संपत असतील तर हेच झालं आहे, आणि त्यावर सूत्राचा इलाज नाही. जुनी प्रत शोधा.

तिसरं, अधिक चिन्हानं सुरू होणारा मजकूर एक्सेलला सूत्र वाटतो. +४४-२०-७९४६-०९५८ टाइप करून पुढच्या खान्यात गेलात की ते ४४ मधून २०, ७९४६ आणि ९५८ वजा करतं आणि खान्यात -८८८० दिसतं. +१-२१२-५५५-०१२३ चं -८८९ होतं. यादीत ऋण संख्या दिसल्या तर घाबरू नका: खान्यात मूळ सूत्र अजून असेल तर वरच्या सूत्रपट्टीत गट दिसतात. गटाचं पहिलं शून्य मात्र त्यातून गेलेलं असू शकतं, म्हणून अंक मोजून घ्या.

चौथं नुकसान एक्सेलचं नाही, पण भाऊबंदच म्हणायचं. डेटाबेसमध्ये रकाना पूर्णांकाचा ठेवला आणि तो ३२ बिटांचा असला तर त्यात २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. काही डेटाबेस चूक दाखवण्याऐवजी तीच कमाल संख्या लिहून मोकळे होतात. दहा-वीस सभासदांचा नंबर २१४७४८३६४७ असा एकसारखा दिसला तर कारण हेच. रकाना अक्षरांचा हवा.

एक्सेलमध्ये उपाय असा. नंबर चिकटवण्याआधी पूर्ण रकाना निवडून त्याचं स्वरूप 'टेक्स्ट' करा. नंतर केल्यानं गेलेलं शून्य परत येत नाही. एखादाच नंबर असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करून मग लिहा. सीएसव्ही फाइल दुहेरी क्लिकनं कधीच उघडू नका. 'डेटा' टॅबमधून 'टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून' हा पर्याय घ्या आणि तिथे तो रकाना टेक्स्ट ठरवा. सीएसव्हीत रकान्याचा प्रकार साठवलाच जात नाही, त्यामुळे हे दरवेळी करावं लागतं. यादी अनेकांच्या हातून फिरणार असेल तर नेहमीची एक्सेल फाइलच पाठवलेली बरी.

साफसफाईचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. तेच टप्पे उलटसुलट केले तर चांगले नंबरही बिघडतात.

मूळ रकान्याला हात लावू नका. त्याची प्रत काढा आणि सगळं काम प्रतीवर करा. सभासदानं स्वतः काय लिहिलं होतं हे पुढे दहा वेळा पाहावं लागतं.

मग अक्षरांची सफाई. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करा. मराठी फॉर्मवर लोक सहज ९८… असं देवनागरीत भरतात, आणि त्यात चूक काही नाही. पण फोनच्या लिंकच्या व्याकरणात देवनागरी अंकांना जागा नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी: 'कोणताही अंक' हा साचा पायथनमध्ये देवनागरी अंकही मान्य करतो, जावास्क्रिप्टमध्ये करत नाही. त्यामुळे एकाच फॉर्मची वेबसाइटवरची तपासणी नापास आणि सर्व्हरवरची पास असं घडतं. रूपांतर तपासणीच्या आधी करा. शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' आहे का तेही पाहा. वेबपानावरून किंवा फोनच्या संपर्कयादीतून कॉपी केलेल्या नंबरात डोळ्यांना न दिसणारी चिन्हं येतात, उदाहरणार्थ लेखनदिशा ठरवणारं युनिकोड २०२ए किंवा न तुटणारी जागा. नंबर बघायला बरोबर, लांबी मोजली तर एक जास्त, अशी तक्रार असेल तर तेच असतं. वर्डमधून आलेल्या नंबरात साध्या रेघेऐवजी लांब रेघ असते, तीही धरा.

पुढचा टप्पा: एक्स्टेन्शन वेगळ्या रकान्यात काढा. २५••••३४/३५ अशी लेटरहेडवरची तिरकी रेघ म्हणजे दोन नंबर; दोन्ही पूर्ण लिहून दोन ओळी करा.

यानंतर '(०)' हा तुकडा कंसासकट उडवा. हे कंस काढण्याच्या आधीच करायचं, नाही तर कंस जातात आणि शून्य आत राहतं. इटलीच्या ओळी यातून वगळा. तिथे कंस काढायचे आणि शून्य ठेवायचं. मग अंक आणि अगदी सुरुवातीचं अधिक चिन्ह सोडून बाकी सगळं काढा.

आता बाहेर पडण्याचे कोड. सुरुवातीच्या ०० च्या जागी अधिक. अमेरिकेतून आलेल्या ओळींत ०११ च्या जागी अधिक. पण सांभाळून, कारण ०११ हा आपल्याकडे दिल्लीचा एसटीडी कोडही आहे. फरक लांबीवरून कळतो. दिल्लीची लँडलाइन ०११ धरून अकरा अंकी असते. ०११ ४४ २० ७९४६ ०९५८ हे मोजलं तर पंधरा भरतात.

शेवटी ज्या ओळींत अधिक नाही तिथे देशाच्या रकान्याप्रमाणे देशांतर्गत फोनची खूण (० किंवा ८ सारखी) काढून देशाचा कोड लावा. यादी काहीशे ओळींची असेल तर हे हातानं जमतं. हजारोंची असेल तर गुगलनं खुली ठेवलेली 'लिबफोननंबर' ही लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, वापरा. अँड्रॉइडही तीच वापरतं. तिला नंबरासोबत देश सांगावा लागतो. इथे सगळ्या यादीला सरसकट 'भारत' देण्याची चूक लोक करतात. प्रत्येक ओळीला त्या ओळीचा देश द्या. तिच्याकडे दोन वेगळ्या तपासण्या आहेत. 'शक्य आहे का' ही फक्त लांबी बघते, 'वैध आहे का' ही त्या देशात तशा सुरुवातीचे नंबर दिले जातात का तेही बघते. फॉर्म भरताना अडवायला पहिलीच पुरे. दुसरीनं अडवलं तर नुकत्याच सुरू झालेल्या मालिकेतले खरे नंबरही नाकारले जातात. तिचा निकाल 'पुन्हा पाहा' अशी खूण करायला वापरा. लायब्ररीची जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं ठेवू नका. आणि वैध म्हणजे चालू नव्हे. बंद झालेला नंबर काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला मिळतो, हे फक्त ओटीपी किंवा प्रत्यक्ष मेसेज पाठवूनच कळतं.

लांबीवरून स्वतःची कडक तपासणी लिहिण्याचा मोह आवरा. जर्मनीत नंबरांची लांबी एकसारखी नसते, न्यूझीलंडच्या मोबाइललाही ठरलेली एकच लांबी नाही. 'दहा अंक नाहीत म्हणून चूक' असं म्हणणारा फॉर्म या सभासदांना दारातूनच परत पाठवतो.

लिंक आणि छपाई

वेबसाइटवर नंबराला फोनची लिंक द्यायची तर 'टेल' आणि अपूर्णविराम यांच्यापुढे ई.१६४ रूप लिहायचं: +४४२०७९४६०९५८. लिंकमध्ये मोकळी जागा चालत नाही. रेघा चालतात, पण त्यांचा उपयोग नाही. दिसणारा मजकूर मात्र तुकडे पाडलेला ठेवा. व्हॉट्सॲपच्या थेट-चॅट लिंकमध्ये उलट अधिक चिन्हही नको, देशकोडपासून नुसते अंक. वेबपत्त्याच्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात नंबर पाठवत असाल तर तिथे अधिक चिन्हाचा अर्थ मोकळी जागा असा होतो आणि सर्व्हरला ' ४४२०…' मिळतं. तिथे अधिकाच्या जागी टक्के-चिन्ह, २ आणि बी ही तीन अक्षरं पाठवावी लागतात. मेसेज पाठवणाऱ्या सेवेत नंबर 'चुकीचा' ठरत असेल तर सगळ्यात आधी हेच तपासा.

छापताना अधिक, कोड, जागा, मग त्या देशातल्या लोकांना ओळखीचे गट. भारतीय मोबाइल ५ आणि ५: +९१ ९८••• •••••. लँडलाइन एसटीडी कोडनंतर तोडायची. अमेरिका ३-३-४: +१ २१२ ५५५ ०१२३. फ्रान्समध्ये पहिला अंक सुटा आणि मग जोड्या: +३३ ६ •• •• •• ••. लंडनचा कोड २० आहे, २०७ नव्हे. +४४ २०७ ९४६… असे गट खुद्द ब्रिटनमध्येही चुकून पाडले जातात. आंतरराष्ट्रीय रूपात गटांमध्ये जागाच सोडा, रेघा किंवा टिंबं नकोत. ही जागा 'न तुटणारी' घ्या, म्हणजे नंबर ओळीच्या शेवटी दुभंगणार नाही. आखातातल्या सभासदांसाठी अरबी किंवा उर्दू मजकूर असेल तर नंबराची दिशा डावीकडून उजवीकडे अशी मुद्दाम ठरवून द्या, नाही तर अधिक चिन्ह शेवटी गेलेलं दिसतं. लग्नपत्रिकेवर किंवा स्मरणिकेत देवनागरी अंक छापायला हरकत नाही. तेच पान पीडीएफ म्हणून फिरणार असेल तर नंबर इंग्रजी अंकांत ठेवा.

एकदा साफ केलेली यादीही शिळी होते, कारण देश नंबरांची रचना बदलतात. मॉरिशसनं २०१३ मध्ये सात अंकी मोबाइल नंबरांपुढे ५ लावून ते आठ अंकी केले. तिथला जुना सात अंकी मोबाइल यादीत असेल तर +२३० नंतर ५ घाला; लँडलाइन सातच अंकी राहिली, तिला हात लावू नका. मेक्सिकोत बाहेरून मोबाइलला फोन करताना +५२ नंतर १ लावावा लागे, तो ऑगस्ट २०१९ मध्ये काढला गेला, पण जुन्या याद्यांत आणि व्हॉट्सॲपच्या नोंदींत तो अजून सापडतो. अर्जेंटिनात उलट बाहेरून मोबाइलला +५४ नंतर ९ लागतोच, आणि देशात लावलं जाणारं १५ गाळावं लागतं.

इतकं करूनही काही ओळी उरतील: देश माहीत नाही, अंक कमी आहेत, शेवटी शून्यांची रांग आहे. त्यांच्यावर तर्क लढवू नका. त्या वेगळ्या पानावर काढा आणि सभासदाला ईमेल करा. 'तुमचा नंबर कळवा' असं विचारलंत तर तो पुन्हा नुसते दहा अंक पाठवेल. त्याऐवजी तुमच्याकडचा अंदाज पूर्ण रूपात दाखवून विचारा: 'आमच्याकडे तुमचा नंबर +१ ७३२ ५५५ ०१४२ (अमेरिका) असा आहे. बरोबर असल्यास "हो" लिहा. नसल्यास नंबर कोणत्या देशाचा आहे ते आधी लिहून मग पूर्ण नंबर लिहा.' उत्तर आलं की ते दोन रकान्यांत भरा, देश एका आणि ई.१६४ रूप दुसऱ्या, आणि शेजारी कळवल्याची तारीख टाका.